वॉल्टन

महापेच्या आठव्या मजल्यावर माझं काम एवढंच:
परक्या आडनावांची मुळं शोधायची, तक्त्यात भरायची.
दिवसाला चाळीस.
बेकर सोपा, भट्टीवाला.
फोर्ड म्हणजे उतार, पाय भिजवून नदी ओलांडायची जागा.

आज वॉल्टन आला.
कॅनडातल्या डोरीनबाईंना पणतू झालाय,
पाळण्यावर त्यांना नावाचा अर्थ कोरून हवाय.

'टन' मला ठाऊक होता. वजनाचा नव्हे.
टन म्हणजे आधी नुसती वई,
मग वईच्या आतलं अंगण, गोठा, चार घरं,
आणि शेवटी गाव.
आमची वई शेराची होती.
चीक डोळ्यात जाईल म्हणून आजी ओरडायची.

अडलं 'वॉल'पाशी.
भिंत असेल, रान असेल, झरा असेल,
किंवा त्यांच्या जुन्या बोलीतला 'वेआल्ह':
परका.
समुद्रावरून आलेल्यांनी
आधीपासून तिथे नांदणाऱ्यांना दिलेला शब्द.
पुढे त्याचा अर्थ गुलाम असाही झाला.
विहीर ह्यांची, वई ह्यांची,
आणि नाव ठेवायला पाहुणे.
नाव ठेवलं, म्हणजे नावंच ठेवली.

"दीपाली, एकच अर्थ लिही," टीम लीडर म्हणाला.
"झरा घे. गोड वाटतो."

तेवढ्यात कुरियरवाल्याचा फोन.
"मॅडम, सेक्टर कुठला?"
सेक्टर नाही. गाव. घणसोली गाव.
"म्हणजे सेक्टरच्या मागे?"
हो, म्हटलं, मागे.
आमच्या खाचरांवर सेक्टर उभा,
आणि आम्ही त्याच्या मागे.
कागदावर आम्ही प्रकल्पग्रस्त,
सोसायटीच्या गेटवर 'गाववाले'.

रात्री बाबांना विचारलं, मढवी म्हणजे काय हो?
जवला निवडता निवडता म्हणाले,
"नावाचा अरथ कोन इचारतो? गाव इचारतान."
आणि काडी वेचून बाजूला टाकली.

डोरीनबाईंना झराच पाठवला.
बाळ लहान आहे.
दुसरा अर्थ खाली टीपेत ठेवलाय, बारीक अक्षरात.
मोठा झाला की वाचेल, चष्मा लागायच्या आत.

सकाळी पहिली नोंद न्यूटन.
नवं गाव.
हे मला कुठे शोधावं लागलं नाही.
कुणाच्या शेतावर, असा रकाना
तक्त्यात आहे का, ते मात्र
दोनदा खाली-वर करून पाहिलं.