बंदुकीतलं बी

बंदूक तीच, आपेराहामाची,
चाळीस वर्षं जिने बोकड पाडले.
आज काडतुसात शिसं नाही.
कागदाचा ओला लगदा, चिमूटभर माती,
आणि मोहरीहून थोरलं, मुगाहून धाकटं,
ठिपक्याठिपक्यांचं बी.
हुइयानं भरलंय ते, काल रात्री, जेवणाच्या टेबलावर,
जिभेचं टोक दातांत धरून.

झुडपाचं नाव ङुतुकाका.
आपल्या पाटीवरचा तो ङ,
ज्याला आयुष्यभर एक शब्द सुरू करायला मिळाला नाही,
त्याला इथे फुलं येतात.
ङुतु म्हणजे चोच. काका म्हणजे रानातला पोपट.
लालभडक, बाकदार, घोसांनी लोंबणारी;
हादग्याला एक रागीट बहीण असती
तर अशीच दिसली असती.

पूर्वी दारोदार होती म्हणे.
मग गलबतांतून शेळ्या उतरल्या, मागून हरणं,
आणि सगळ्यांनाच हा पाला गोड लागला.
लोक सांगतात, झुडूप जीव घेऊन कड्यावर चढलं.
चढतंय कसलं.
खालचं खाल्लं गेलं, वरचं उरलं.

उरलेलं एक.
नदीपल्याड, भुरभुरत्या कड्याच्या छातीवर,
जिथे खूर टेकत नाही, दोरही पुरत नाही.
हुइया दुर्बिणीतून घोस मोजते: अकरा.
गेल्या ऑगस्टात चौदा होते.
आकडा ती मोठ्यानं म्हणत नाही.

आपेराहामा गुडघा टेकतो. गुडघा कुरकुरतो.
झुडपाच्या हातभर खाली एक भेग आहे, ओलसर.
तिच्यावर नेम.

धाड.

पलीकडच्या धारेवरून शेळ्या उधळल्या,
सवयीनं, उगाचच.
कड्यावर एक करडा डाग, थुंकीएवढा.
"कोरो, लागलं का?"
"पाऊस सांगेल."
"कधी?"
त्याला शहात्तरावं चालू आहे.
तो दुसरं काडतूस मागतो.

पाच बार झाले. दोन नदीत गेले.
तरी तो उठला नाही लगेच.
बार झाला की थांबायचं,
पलीकडे काही कोसळल्याचा आवाज येईपर्यंत,
ही कानांची जुनी खोड.
तसाच बसून राहिला,
काहीच कोसळत नाही
हे नीट ऐकत.