नऊशे सोळा

जामच्या चौरस्त्यावर, हैदराबादकडे तोंड करून
आमचं टिनाचं दुकान. दारात पंक्चरचं घमेलं,
आत लक्ष्मी-गणपतीच्या शेजारी
बर्डीच्या रद्दीतून आणलेल्या मासिकाचं एक पान.
लाल. सीटखाली दोन सायलेन्सर.
मागचं चाक एकाच बाजूच्या हातानं धरलेलं,
दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर हवेतच.
बाबा सकाळची उदबत्ती तिघांना ओवाळायचे.

डुकाटी, लावेर्दा, मोटो गुझ्झी, अगुस्ता:
मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या,
जशी मामाच्या पोरांना बैलांची नावं.
बोलोन्या म्हणजे मला वाटायचं
पांढरकवड्याच्या थोडं पुढं असेल.

मग एका दुपारी
जिनिंगकडं चाललेल्या कापसाच्या ट्रकांमागून
एक माणूस तिला ढकलत आणताना दिसला.
ढकलत!
बाबांनी पाना खाली ठेवला, हात पुसले,
मग पुन्हा पुसले.

नागपूरचे दातांचे डॉक्टर होते, वैरागडे.
म्हणाले, कंपनीचा माणूस यायला चार दिवस लागतील,
तोवर सावलीत ठेवाल का?
बाबांनी बाजूचं लाल पान उघडलं, आत नाक घातलं.
"हे तं आपल्या पंपावानीच जयलं जी."
चार्जिंगचा जोड वितळून काळा गोळा झालेला.
तो कापला, भंगारातल्या ट्रॅक्टरची जाड वायर जोडली,
बॅटरी आमच्या चार्जरवर तीन तास.

तेवढ्या वेळात डॉक्टर तिचं पोट समजावत बसले.
हिच्यात वॉल्व मिटायला स्प्रिंग नसते मिस्त्री,
एक बोट उघडतं, दुसरं बोट लावून घेतं.
बाबा खूप वेळ गप्प.
मग म्हणाले, "म्हंजे भरवशावर काईच नाई सोडलं."

सुरू झाली आणि पत्र्याच्या डब्यात चिंचोके वाजावे
तसा क्लच खडखडला.
बाबांचा चेहरा उतरला. "माह्यानं काई बिघडलं का जी?"
डॉक्टर हसले.
"नाही हो. चांगली असली की अशीच वाजते."

हे वाक्य आमच्या घरात राहायला आलं.
आईनं भांडी आपटली की बाबा ते हळूच म्हणत.

डॉक्टर दोन हजार देत होते, बाबांनी वायरीचे दीडशे घेतले.
चक्कर मार म्हणाले, तर मारली नाही.
फक्त सुतळीनं तिची मापं घेतली,
गाठी मारून, शिंप्यासारखी,
आणि सुतळी खिशात ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यात,
सगळ्यांचे लाकडी बैल, बेगडाची शिंगं, मखमली झुली,
आणि माझ्या दोरीला ती. सागाची. ऑईलपेंट अजून ओला.
पोलीस पाटील वाकून शोधत राहिले.
"अवं पोरी, बयल कोठं हाय?"
"बयल नाई जी, घोडे हायेत. शंभराच्या वर. आतमंधी."

बक्षीस कुठलं मिळतंय.
पण बोजारा मागायला गेले तेव्हा सुमनमावशींनी
हेडलाइटला कुंकू लावलं,
पाय धुवायला तांब्या आणला, पाय सापडेनात,
शेवटी चाकांवर ओतला आणि पाच रुपये दिले.

मागचं चाक त्याच संध्याकाळी निखळलं.
लाकडाला एका हातावर एवढं पेलवत नाही.
आई म्हणाली, दुसरीकडून एक पट्टी ठोका की.
नाही ठोकली.
डिंकानं चिकटवलं. परत पडलं. परत चिकटवलं.
आता ती माळ्यावर आहे, चाक वेगळं, पेपरात गुंडाळून.

डॉक्टर पुन्हा कधी थांबले नाहीत.
थांबायचं कारण नाही, वायर ट्रॅक्टरची आहे.
पण एखाद्या रविवारी पहाटे हायवेवरून
चिंचोक्यांचा डबा हिंगणघाटकडं जातो,
आणि बाबा चहाची बशी ओठाशी तशीच धरतात
आवाज पुलापलीकडं जाईपर्यंत.
"चांगली हाय," म्हणतात,
मग साखर कमी आहे म्हणून आईशी भांडतात.