कोंडाघर

किल्ली माझ्याकडे असते.
धानाची गिरणी बसली त्या साली
मालकानं मोटार विकली, पट्टे विकले, वजनकाटा विकला.
उरली कोंडा साठवायची ही लांब खोली.
तिला गिऱ्हाईक मिळालं नाही
म्हणून ती आम्हाला मिळाली.

अजूनही डोमाजीनं टिमकीवर काडी टेकवली
की आढ्यातून कोंडा झरतो,
बारीक, पिवळा, बावीस वर्षांमागच्या धानाचा.
नवी पोरं शिंकतात.
आम्ही म्हणतो, शिंका, इथली नांदी हीच.

एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज केला.
रकाने होते: कलाकाराचे नाव, कलाप्रकार, मानधन.
मी लिहिलं:
जैतुरा कुमरे. लग्नघरी भिंतीवर मोर काढते. पायलीभर तांदूळ.
डोमाजी. चामडं मढवतो, वाजवतो. वरातीत सगळ्यांच्या पुढे,
पंगतीत सगळ्यांच्या मागे.
चंद्री, कागदावर चंद्रभान. खडी गंमतीत तीस वर्षं नाचली.
मानधन: शिट्ट्या.
अर्ज परत आला. रकाना चुकला म्हणाले.
कुठला, ते सांगितलं नाही.

मग वैनगंगा मागच्या दारानं आत आली,
छातीएवढी,
आणि दोन दिवस बसून राहिली पाहुणीसारखी.
पेटी आम्ही आठ दिवस उन्हात ठेवली.
सगळे सूर परतले, मधला गंधार गेला तो गेलाच.
तेव्हापासून गाणारे त्या जागी येऊन
जरा थांबतात, पाय उचलतात, पलीकडे ठेवतात.
बाहेरगावच्या एका मास्तरांनी विचारलं, चाल कुठली ही?
चंद्री म्हणाली, "पुराची."
त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

दोन वर्षं मंडई भरली नाही कुठेच.
वहीत जमेची बाजू कोरी.
खर्च: कुलपाला तेल. पुन्हा कुलपाला तेल.
मी सुपात तेंदूची पानं घेऊन आत जाऊन बसायची
आणि तिथेच विड्या वळायची,
खोलीला माणसाची सवय राहावी म्हणून.
शेजारीण दारातून म्हणायची,
"कायले झाडतेस वो, कोनी येत नाई त?"
मी म्हणायची, धूळ येते ना.

यंदा बिल थकलं.
लाइनमन टेंभुर्णे सकाळी अकराला आला,
खांबावर चढला, वायर कापली,
खाली उतरून पाणी मागितलं. मी दिलं.
माझ्याकडे न बघता गेला.
संध्याकाळी सातला तोच परत आला,
कारण दंडारीत राजा तोच आहे
आणि मंडईला उरले होते अकरा दिवस.
कुणी काही बोललं नाही.
त्यानं फटफटी दारात आडवी लावली, दिवा आत वळवला,
इंजिन चालू ठेवून
त्या घरघरीवर मोठ्यानं राजाचं बोलला.

त्या रात्रीवरून वहीत भांडण आहे.
पन्नास रुपयांचं पेट्रोल जमेत धरायचं की खर्चात?
डोमाजी म्हणतो, जमेत. चंद्री म्हणते, दंडात.
मी दोन्ही बाजूंना लिहून ठेवलंय,
शिल्लक जुळत नाही.

फटफटीच्या उजेडात राजाची सावली
आढ्यापर्यंत गेली होती.
जैतुरानं भिंतीशी उभं राहून
पांढऱ्या मातीच्या बोटानं तिची कड ओढली,
मुकुट पुठ्ठ्याचा, तो तसाच वाकडा.

परवा मालकाचा मुलगा आला, मोजपट्टी घेऊन.
मार्चपर्यंत रिकामं करा म्हणाला.
लांबी मोजली, रुंदी मोजली,
सावलीपाशी आल्यावर पट्टी हातातच राहिली.
"हा कोन व्हय?"
"आमचा राजा व्हय," मी म्हटलं,
"दिवसा लाइन कापते."

त्याला हसू आलं की राग, कळलं नाही.
तेवढ्यात वरून थोडा कोंडा झरला
आणि तो शिंकला.
डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं.