आठ नंबर

बावीस वर्षं मी टेबलावर बसतो,
गुणपत्रक भरतो.
आठ नंबर. येमूल, अनसूया.
हे नाव इतक्यांदा लिहिलंय
की माझ्या सहीपेक्षा वळणदार येतं.

मे महिना. रात्रीचे नऊ वाजलेत,
तरी रेल्वे लाइन्सच्या कोर्टाचं सिमेंट
दिवसभराचं ऊन अजून परत करतंय.
समोर पुण्याचा संघ, सगळ्या एकोणीस-वीसच्या.
वॉर्म-अपलाच अशा उड्या मारतात
की नुसतं बघून माझ्या कमरेत चमक निघते.
अनसूया एक्केचाळीस.
बाकावर बसून गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळते,
सावकाश, भाजीवालीनं सुट्टे मोजावेत तशी.
मागून कुणीतरी ओरडतं,
"काय बे, काकू पण खेळणार?"

काकू खेळते.

आता ती पळत नाही.
चेंडू जिथे येणार तिथे आधीच उभी असते,
एसटीच्या थांब्यावर रोजचं माणूस असतं तशी,
चेहऱ्यावर काही नाही.
पुण्याची पोर तीनदा गुंगारा देते, चौथ्यांदाही देते,
आणि थेट तिच्या छातीवर येऊन थांबते.

गुणपत्रकात याला रकाना नाही.
फाउलला आहे, टाइमआउटला आहे,
आधीच तिथे असण्याला नाही.
एके काळी तिसऱ्या सत्रातच तिचे पाच फाउल भरायचे,
मग बाहेर बसून टॉवेल चावायची.
आज ती घरं कोरी आहेत.
कोरं घर मी कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

फ्री थ्रोच्या रेषेवर ती पुटपुटते,
ओकटी, रेंडू, मूडू.
विडी घरकुलात तिची आई अशीच मोजायची,
तोंडानं शेजारणीशी भांडण चालू,
बोटांत पान, तंबाखू, दोरा,
आणि कट्ट्यात एक विडी कमी नाही, जास्त नाही.
अनसूया पास देते तेव्हा मला ते आठवतं.
बघते पंचांकडे,
चेंडू जातो अलफियाकडे.

टाइमआउटला ती गुडघा दोन्ही हातांनी धरते,
रडतं पोर गप्प करावं तसा.
कोच काहीतरी सांगतो. ती मान हलवते.
ऐकलं नसावं.

अठ्ठावन्न-अठ्ठावन्न. सात सेकंद.
बोर्डाच्या उजव्या अंगाला रंगाचा एक पोपडा उडालाय,
आम्हा सोलापूरकरांनाच ठाऊक.
गर्दीत हात, केस, कोपरं, कुणाचं काय कळेना,
चेंडू त्या पोपड्यावर टेकला
आणि जाळीतून खाली आला,
घाई नसल्यासारखा.

मी लिहिले दोन गुण. सहा नंबर. अलफिया शेख.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय,
आठ आणि सहा मला आताशा बहिणी वाटतात.

मॅच संपली, ढोल वाजला,
पोरींनी एकमेकींना उचललं.
ती लंगडत टेबलापाशी आली,
कागदावर बोट ठेवलं.
"सर, हे राहू द्या की ओ तिच्या नावावर.
पहिलीच मोठी मॅच तिची."
मी म्हणालो, होत नाही असं.
खोडलं, दुरुस्त केलं,
पंचांची सही घेतली शेजारी.
तशी बेरीज बदलली नाही कुठेच.
ती रागावली नाही, हसलीही नाही.
"चष्मा बदला," म्हणाली.

रसवंतीवाल्याकडून आणलेली बर्फाची लादी
तिनं गोणपाटात घालून दगडानं फोडली,
दोन्ही गुडघ्यांना बांधली.
सकाळी सहाला तिकीट खिडकी उघडायचीय.

दिवे विझायच्या आत मी टेबल आवरलं.
बाकापासून गेटापर्यंत पाण्याची एक रेघ गेली होती,
तिच्या चालीसारखी, जराशी उजवीकडे झुकलेली.
सिमेंट अजून गरमच.
रेघ बाकाकडून वाळत चालली होती,
आणि गेटापाशी
अजून ओली.