गेरू-चुना

केतकीनं हैदराबादहून पाठवलं ते, खोक्यात,
थर्माकोलच्या कुशीत. सोबत छापील चिठ्ठी:
घरात ठेवा, पाणी कमी, देखभाल नाही.
ताटलीएवढ्या कुंडीत वीतभर झाड,
तारेनं वळवलेलं, म्हातारं दिसावं म्हणून.
वय विचाराल तर सात वर्षं.

मी ते टीव्हीशेजारी ठेवलं,
जिथं ह्यांचा फोटो आहे आणि बीपीचं मशीन.
दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली.
रोज सकाळी टीपॉयवर चार, पाच,
एकदा अकरा.
मी मोजून कॅलेंडरवर लिहायची.
साताऱ्याच्या सिव्हिलला एकतीस वर्षं रात्रपाळ्या केल्यावर
माणूस कशाचाही चार्ट ठेवतो.

रविवारी व्हिडिओ कॉल.
कुंडी फिरवून हिरवी बाजू तिच्याकडे करायची.
"छान आहे ना गं?"
"हो, छान आहे."
नातेवाइकांना लगेच काही सांगायचं नसतं,
हीही तिथलीच सवय.

मग एक दिवस फिरवायला बाजूच उरली नाही.

वरच्या मजल्यावरचे हिंदुराव फडतरे
पाण्याच्या मोटारीचं विचारायला आले,
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
"शिष्टर, ह्ये नांदरूक हाय.
ह्याला घरात कशापायी कोंडलंय?"
बांधकाम खात्यात मैलकुली होते ते.
कोरेगाव रस्त्याच्या कडेची नांदरुकं
त्यांना घरच्या म्हशींसारखी ठाऊक:
कुठल्याच्या ढोलीत पिंगळा,
कुणाच्या फांदीला एसटीचा टप घासतो.
मी चिठ्ठी काढून दाखवली.
त्यांनी उलटीसुलटी केली, परत दिली.

रात्री नखानं साल खरवडली.
कोरडं, कोरडं,
बुंध्याशी आल्यावर
मोहरीएवढं हिरवं.
नाडी लागली.

बाहेर नेलं, पण एकदम उन्हात नाही.
आयसीयूतून थेट घरी पाठवतं का कुणी?
आधी आठ दिवस जिन्याखाली, सायकलीच्या आडोशाला.
मग सकाळचं ऊन, चहा गार होईपर्यंत.
मग गच्चीचा कठडा.
आमच्या गोडोलीत किल्ल्यावरून वारं सुटतं
आणि पाचच्या सुमाराला त्याची सावली
वाळत घातलेल्या कपड्यांवरून चालत येते.
तार बँडेजच्या कात्रीनं तुकडे करून काढली.
खाली वळ होते. अजून आहेत.

माघ गेला. काही नाही.
उरलेली तीन पानंही त्यानं टाकून दिली.
वानरं आली. एकानं कुंडी हुंगली
आणि इथं काही नाही असं ठरवून पुढच्या गच्चीवर गेलं.
मला त्याचा फार राग आला.
त्या रविवारी केतकीला खरं सांगितलं.
ती म्हणाली, टाकून दे, दुसरं पाठवते.
मी म्हटलं, थांब.
एवढंच म्हणता आलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी
फांदीच्या टोकाला सुई दिसली,
इन्सुलिनची असते तेवढी,
हिरवट, मिटलेली.
हात लावला नाही.
कॅलेंडर काढलं, पण कुठं लिहायचं कळेना.
तिथं सगळे गळलेल्यांचे आकडे होते.

आता चैत्र. पानं मोजत नाही.
काल हिंदुराव दोन वाट्या घेऊन गच्चीवर आले,
एकीत गेरू, एकीत चुना,
आणि कान साफ करायची कापसाची काडी.
गुडघे धरून, कण्हत, कुंडीसमोर बसले.
रस्ता रुंद झाला तेव्हा
त्यांनीच झाडांवर नंबर टाकले होते,
एक ते दोनशे चौदा.
मागं कधीतरी बोलले होते,
मोटार चालू होती, अर्धंच ऐकू आलं.

करंगळीएवढ्या बुंध्याला खाली गेरू, वर चुना,
जीभ दातांत धरून.
"रातच्या गाड्यांना दिसाया नको?"
मी हसले. ते हसले नाहीत.
"नंबर न्हाई टाकत," म्हणाले,
"निस्ता पट्टा."