काळं म्हणजे बांधलेलं

काळं म्हणजे बांधलेलं, पांढरं म्हणजे मोकळं.
पहिल्या सत्रात डोईफोडे सरांनी एवढंच सांगितलं
आणि मी तीन रात्री
गंज गोलाई काळी करत बसले.

सोळा रस्ते, मधे वर्तुळ.
संभाजीनगरच्या हॉस्टेलात भिंतीवर टाचली
तर अल्फिया म्हणाली, अगं, हे तर कापलेलं लिंबू!
मी त्या लिंबातलीच बी.
बाबा लातूरला भुसार लाइनीत मापाडी.
धान्य मोजताना एकाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन…
पहिलीत मी बाईंपुढे लाभपासून सुरुवात केली होती.
वर्ग हसला होता. तो अजून ऐकू येतो.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाला पुन्हा गोलाईच.
मे महिना. पुठ्ठा, चिमटा, कागद.
दर पाव तासाला येणारी-जाणारी माणसं,
चार उभ्या काड्या, पाचवी आडवी.
लसणाचा पाला झटकत हलीमाबी म्हणाली,
"एवढ्या उन्हात काय लिहूलालीस गं?"
माणसं मोजतेय, मावशी.
"मोजून कमी होणारेत का?"

त्या दिवसापासून माणसं सोडून
तिच्याकडंच बघत राहिले.
सकाळी ती गोलाईच्या पश्चिम अंगाला,
दहाला दोन हात सरकते, अकराला आणखी दोन,
साडेबाराला भिंतीला चिकटलेली.
चारला बघते तर पूर्वेला,
तेच पोतं, तीच तागडी.
एकटी नाही ती.
फण्या-आरशांचा बाळाप्पा, किल्ल्या करणारा नारबा,
रिबिनवाल्या दोघी जावा:
अर्धा बाजार रोज अर्धं वर्तुळ चालतो
सावलीच्या मागं.
भांडण नाही, रुमाल टाकून जागा धरणं नाही.
एक उठतो, फरशी त्याच्या अंगानं कोमट असतानाच
दुसरा बसतो.

माझ्या नकाशात तिथं पांढरं होतं.

त्या पांढऱ्यावर मी छत काढलं होतं.
लोखंडी, कमानदार, वर सौर पट्ट्या,
खाली चौसष्ट चौकोन, चौकोनाला नंबर.
संगणकावरचं चित्र इतकं देखणं
की त्यातली माणसंसुद्धा परदेशी निघाली,
एक जण तर कुत्रा फिरवत होता.
कौतुकानं मोबाइलवर दाखवलं.
हलीमाबीनं डोळे बारीक केले.
"म्हंजे सावली हलायचीच नाही?"
नाही, दिवसभर एका जागी.
ती तागडीत लसूण टाकत राहिली.
गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली,
"मग ती कुणाच्या तरी बापाची होईल की.
हलूलालीय म्हणून तर माझ्यापातूर येतीय."

छत पुसायला एक कळ पुरली.
रिकाम्या पडद्यासमोर बसायला मात्र
आठवडा लागला.

शेवटी सोळा कागद.
सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत, तासाला एक.
प्रत्येकावर तीच काळी गोलाई
आणि तिच्याभोवती सरकत जाणारं पेन्सिलीचं करडं.
शेवटच्या तिनांवर सावली नाही, नुसते बल्ब.
पुण्याहून आलेले परीक्षक चष्मा काढून म्हणाले,
ड्रॉइंग छान आहे. डिझाइन कुठंय?
तीन नळ, म्हटलं. पोती टांगायला खुंट्या.
लेकरू निजवायला कोनाडा.
आणि ओट्याची कड कुठंच गुडघ्याच्या वर नको,
तिला बसल्या बसल्या सरकता यायला हवं.
एवढंच?
एवढंच, सर.
डोईफोडे सर खिडकीबाहेर बघत होते.
मार्क बेताचेच पडले.

गुंडाळी घेऊन घरी आले.
बाबांनी कागद भुईवर पसरले, कोपऱ्यांवर
अर्धा किलोची चार मापं ठेवली,
आणि गोलाईच्या कडेनं बोट फिरवत
रस्ते मोजायला लागले. लाभ, दोन, तीन…
सोळा भरल्यावर बोट करड्यावर थांबलं.
"हे पुसायचं राहिलं का गं?"
नाही बाबा.
हे तेवढंच काढलंय.