नियम क्रमांक सतरा

वही सरळ धरली तर टॉवेलांचा हिशेब आहे,
मालकांचा, जुना, डझनात.
उलटी धरली की मागून सुरू होते आमची लीग:
बारा संघ, प्रत्येकी तीनशे रुपये,
रोख, शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात.
झाकण उघडलं की अजून लसणाचा वास येतो.

तिकडं विलायतेत कुणी गोल मारला
की अक्कलकोट रोडच्या या गाळ्यात
मी पाच गुण लिहितो.
मारणाऱ्याला आमचा पत्ता नाही.
त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला
तर साखर पेठेत एक माणूस जेवत नाही.

सोपं नाही ओ हे.
लोकांना वाटतं, बेरीज करायची, बस्स.
बेरीज तर मागसुद्धा करतो, त्याला मीटर असतं.
मला सांभाळायचे असतात बारा रुसवे.
गड्डम विचारतो, चेंडू बचाववाल्याच्या टाचेला लागून आत गेला
तर गोल कुणाचा?
नदाफ रात्री पावणेदोनला फोन करतो,
"काय करूलालाव बे, झोपलाव का?
माझे दोन गुण कुठायत?"

येमुलांच्या अंबादासनं दिवाळीआधी भिवंडी गाठली,
नंबर बदलला, संघ तसाच टाकून गेला.
त्याचे अकरा जण खेळत राहिले बिनमालकाचे,
आणि जानेवारीत गड्ड्याचे पाळणे उभे राहिले तेव्हा
तिसऱ्या क्रमांकावर होते.
रोज सकाळी संघ हलवणारा गड्डम नववा.
म्हणाला, गैरहजर माणसाला काढा.
मी म्हटलं, हजर राहून तू काय दिवे लावलेस?
हे बोलायला नको होतं.
अध्यक्षानं असं बोलू नये.
मला अध्यक्ष म्हणतात. पगार, एक कट चहा.

नियम सोळा. त्यातला नववा असा:
शनिवारी दुपारी चारनंतर संघात बदल नाही.
सिद्धाराम हत्तुरेचा निरोप आला
चार वाजून सात मिनिटांनी.
पाचव्या दिवशी नळ आला होता त्यांच्या गल्लीत.
आई गुडघ्यानं अधू, बायको कामावर.
पिंप, घागरी, कळश्या, शेवटी आंघोळीची बादली,
मग फोन. ओलं बोट पडद्याला कळेना.
त्याला कप्तान बदलायचा होता.
ज्याला करणार होता
त्यानं त्या रात्री तीन गोल केले.
मी लिहिलं: नियम नववा. अमान्य.
खाली सही केली, तारीख घातली,
जसं काही मीच हायकोर्ट.

मे महिन्यात तो नऊ गुणांनी हरला.
डब्यातले छत्तीसशे रुपये अंबादासचे झाले,
ज्याचा पत्ता कुणाकडेच नाही.
डबा फळीवर आहे. आम्ही त्याच्याकडं बघत नाही.

आता जे सांगतो ते वहीत नाही.
नोव्हेंबरातल्या एका शनिवारी
चार वाजून दोन मिनिटं झाली होती,
दारात ट्रक भरत होता, मी विसरलो होतो,
आणि वही माझ्याच हातात होती.
एक नाव खोडलं, एक लिहिलं.
शाई तीच, अक्षर तेच, कोण विचारणार?
दोन गुण वाढले.
दहावा आलो मी, शेवटी.

काल सिद्धाराम गाळ्यावर आला, दोन महिन्यांनी.
तीनशे रुपये ठेवले टेबलावर,
दहा-वीसच्या नोटा, थोड्या दमट.
"मोजून घे," एवढंच म्हणाला.
मी मोजले. बरोबर होते.
जिना उतरता उतरता वळला:
"यंदा पाण्याचं काय?"

मी वही उलटी केली.
नियम सतरा:
ज्याच्या गल्लीत पाणी आलं असेल
त्याला चारनंतर अर्धा तास.
मागांच्या खडखडाटात ओरडून वाचून दाखवलं.
त्यानं मान हलवली,
होकाराची की कसली, समजलं नाही.

तो गेल्यावर पुढच्या ओळीला
अठरा आकडा घातला.
पेन तिथंच टेकवून बसलोय.
शाईचा ठिपका मोठा होतोय.